गाववाला दलाल : आपल्या व्याख्यानमालेच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या व्याख्यानमालेची आजीव सभासद. तिसरी रांग, डावीकडून दुसरी खुर्ची, कुरकुरणाऱ्या पंख्याखालची. पंख्याबद्दल दोनदा लेखी कळवून झालंय, आज तो विषय नाही.

विषय गेल्या शनिवारच्या व्याख्यानाचा आहे. ‘मजार-ए-शरीफ ते संयुक्त राष्ट्रसंघ : एका स्थलांतरिताची गरुडझेप’ असा फलक तुम्ही मुलुंड स्टेशनबाहेर लावला होता. शाळेचा हॉल भरला. स्पर्धा परीक्षांची मुलंही वह्या घेऊन आली होती, एरवी आमच्यात पन्नाशीच्या आतलं कुणी दिसत नाही. वक्ते छान बोलले. अफगाणिस्तानात जन्मून अमेरिकेचे राजदूत झालेले झल्मय खलीलझाद हे नाव ज्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्यांनाही घरी जाईपर्यंत ते पाठ झालं होतं.

मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या. माझी तिसरी, कार्यकर्त्या मुलाच्या हातात मी स्वतः दिली. त्यानंतर अकरा चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. ‘ते घरी कुठली भाषा बोलतात?’ ‘त्यांचा दिनक्रम कसा असतो?’ वक्त्यांनी बिचाऱ्यांनी त्यालाही उत्तर द्यायचा प्रयत्न केला. माझी काही आली नाही. ‘वेळेअभावी थांबतो’ म्हणालात आणि आभारप्रदर्शन वीस मिनिटं चाललं. बाहेर चहाच्या टेबलावर थर्मास गळतो म्हणून खाली कागद पसरले होते, त्यांत माझी चिठ्ठी सापडली. घडी उघडलेली होती, म्हणजे वाचून बाजूला ठेवलेली. कार्यवाहांना विचारलं तर म्हणाले, “काकू, प्रश्न जरा राजकीय होता.”

राजदूतावरच्या व्याख्यानात राजकारण नको म्हणजे आंब्याच्या पेटीत आंबा नको म्हणण्यासारखं झालं.

चिठ्ठीत एवढंच होतं : ‘२९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला, तेव्हा काबूलच्या सरकारचा माणूस सही करायला का नव्हता?’ अमेरिकेच्या बाजूने तो करार घडवणारे हेच खलीलझाद. तो प्रश्न आता सगळ्यांसमोर मांडते आहे, जरा लांबण लावून. चिठ्ठीवर जागा नव्हती, इथे आहे.

गरुडझेप खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. १९५१ साली मजार-ए-शरीफला जन्मलेला पश्तून मुलगा, शाळेत असताना विद्यार्थी-देवाणघेवाणीत कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावी जातो, पुढे बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकतो, १९७९ मध्ये शिकागोहून पीएच.डी. घेतो आणि त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे त्याच्या देशात शिरतात. परतीची वाट तिथेच बंद झाली. कोलंबिया विद्यापीठात शिकवता शिकवता माणूस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात गेला, मग संरक्षण खात्यात, मग व्हाईट हाऊसमध्ये. २००३ पासून काबूलला अमेरिकेचा राजदूत, २००५ पासून बगदादला, २००७ पासून संयुक्त राष्ट्रसंघात. ज्या मातीतून निघाला तिथेच परक्या देशाचा झेंडा लावलेल्या गाडीतून परतला. हे कुणालाही जमण्यासारखं नाही. वक्त्यांनी ते रंगवून सांगितलं, मला आवडलंही.

पण मी बोलणारी कोण, असं मंडळातल्या नव्या सदस्यांना वाटेल म्हणून सांगते. मी एकतीस वर्षं मशीद बंदरला एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात कागद केले. बिल ऑफ एंट्री, वनस्पती तपासणीचा दाखला, बँकेची पत्रं. आमचं गिऱ्हाईक मेव्याचं आणि हिंगाचं. अंजीर, जर्दाळू, काळा मनुका, शहाजिरं आणि हिंग. हिंग आधी कातड्यात शिवून यायचा, नंतर पत्र्याच्या डब्यांत यायला लागला, पण वास दोन्हींतून यायचा. माझ्या पर्सला, छत्रीला, लोकलच्या पासाच्या पाकिटाला तो वास होता. संध्याकाळी लेडीज डब्यात शेजारची बाई नाक मुरडून सरकायची आणि मला ऐसपैस बसायला मिळायचं. आपल्याकडे २०२० च्या ऑक्टोबरात लाहौलच्या खोऱ्यात सरकारी प्रयोगशाळेने हिंगाचं पहिलं रोप लावलं. तोवर आपल्या वरणातला हिंग परदेशाहूनच यायचा. जमिनीतल्या मुळाला चीर द्यायची, चीक गळायचा, वाळायचा, आणि युद्ध असो नसो, तो आमच्या टेबलावर यायचा. सोव्हिएत असताना आला, मुजाहिदीन एकमेकांवर तोफा डागत होते तेव्हा आला, पहिल्या तालिबानच्या काळात आला. कागदावरचे शिक्के तेवढे बदलायचे.

त्यामुळे काबूलमध्ये राज्य कुणाचं हा माझ्यासाठी वर्तमानपत्राचा विषय कधीच नव्हता. शिक्का कुणाचा चालेल, हा माझा रोजचा प्रश्न होता.

आमचे एक जुने व्यापारी होते, त्यांना सगळे खानसाहेब म्हणायचे. थंडीत यायचे, दोन महिने मोहम्मद अली रोडला राहायचे, हिंदी सिनेमातल्या डायलॉगांनी भाव करायचे. खलीलझाद यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याच तोंडून, २००२ साली. मी विचारलं, आता तुमचाच माणूस अमेरिकेचा दूत म्हणून आलाय, बरं झालं ना? खानसाहेब हसले आणि उलट मलाच विचारलं, “बहनजी, आपके गाँव का दलाल था ना? अब्बा को दाम अच्छा मिलता था?”

मीच कधीतरी त्यांना ती गोष्ट सांगितली होती. आता तुम्हाला सांगते.

आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग. वडील पेट्या मुंबईला पाठवायचे. दहा वर्षांची असताना मी त्यांच्याबरोबर एकदा क्रॉफर्ड मार्केटात गेले होते. फळबाजार तेव्हा तिथेच भरायचा, वाशीला पुढे गेला. आमचा दलाल शेजारच्या गावचा. ओळख घट्ट, त्याच्या आईच्या बाराव्याला आमच्या घरातून शिधा गेलेला. त्याने मला मस्कापाव दिला, वडिलांना मोहोर किती गळला ते विचारलं, अगदी आमच्या बोलीत. मग व्यापारी आला. दलालाने खांद्यावरचा रुमाल काढून व्यापाऱ्याच्या हातावर टाकला, आपला हात खाली घातला, आणि दोघांची बोटं रुमालाखाली बोलायला लागली. तोंडाने एक शब्द नाही. रुमाल जरासा हलतोय, व्यापारी मान हलवतोय, दलाल पुन्हा बोटं दाबतोय. माझे वडील चार फुटांवर उभे होते. पेट्या त्यांच्या, आंबा त्यांचा, झाडावर चढून खुडणारेही तेच, आणि सौदा कितीला तुटला हे त्यांना पंधरा दिवसांनी पोस्टाने आलेल्या हिशेबाच्या पट्टीवरून कळायचं. त्यातून हमाली, तोलाई, आडत आणि गाडीभाडं वजा.

त्याने फसवलं असं मी आजही म्हणत नाही. तो भला माणूस होता. पण वडिलांना तो पुढच्या मोसमात भेटणार होता आणि व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी.

हे डोक्यात ठेवून खलीलझाद यांची कारकीर्द पुन्हा बघा. १९९० च्या दशकात, सरकारबाहेर असताना, ते युनोकॅल या तेल कंपनीच्या तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान पाईपलाईनच्या जोखमीचा अभ्यास करणाऱ्या सल्लागारांत होते. ऑक्टोबर १९९६ मध्ये, तालिबानने काबूल घेतल्यावर दहा-बारा दिवसांत, त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. अमेरिकेने अफगाणिस्तानात पुन्हा लक्ष घालावं, तालिबानचा कट्टरपणा इराणसारखा अमेरिकाविरोधी नाही, असा त्याचा सूर होता. पुढे त्यांचं मत बदललं आणि ते तालिबानचे कडक टीकाकार झाले. मत बदलण्याला माझी हरकत नाही, माझीही बदललीत. पण मत बदलताना ते कुणाच्या अंगणात उभं राहून बदललं, ते पाहावं लागतं. आणि ते अंगण दोन्ही वेळा वॉशिंग्टनचं होतं.

जून २००२ ची काबूलची लोया जिरगा, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची महासभा, घ्या. जवळजवळ तीस वर्षांच्या वनवासानंतर म्हातारा राजा झहीर शाह परतला होता, आणि त्याने राष्ट्रप्रमुख व्हावं असं शेकडो प्रतिनिधींना वाटत होतं. अमेरिकेला हंगामी सरकारचे प्रमुख हमीद करझई हवे होते. बैठकच लांबणीवर पडली, पडद्याआड बोलणी झाली, आणि राजा स्वतः तोंड उघडायच्या आधी राजा उमेदवार नाही हे पत्रकारांना सांगितलं ते खलीलझाद यांनी. रुमाल हलला तो असा. काबूलचे लोक त्यांना ‘व्हाईसरॉय’ म्हणायचे ते उगाच नाही. हा शब्द आपल्या कानांना काही नवा नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि तुमच्या वक्त्यांनी नेमकी तीच सांगितली नाही. स्थलांतरित दूताच्या वाट्याला येणारा संशय भयंकर असतो. काबूलमध्ये ताजिक आणि हजारा समाजाचे लोक म्हणायचे, हा पश्तून आहे, पश्तूनांचीच बाजू घेणार. बगदादला गेले तर ते सुन्नी म्हणून शिया नेते शंका घ्यायचे, मागून ‘अबू उमर’ म्हणायचे, उमर हे सुन्नींचं नाव म्हणून. ऑक्टोबर २००५ मध्ये इराकच्या राज्यघटनेवर मतदान होतं. अगदी शेवटच्या घडीला त्यांनी तडजोड घडवली : घटना पुढे दुरुस्त करता येईल असं कलम घातलं आणि एका मोठ्या सुन्नी पक्षाला पाठिंब्याला आणलं. हे काम तोंडावळ्यावरून होत नाही. रात्र रात्र चहा पीत, एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जात करावं लागतं. चार महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २००६ ला, सामर्‍यातल्या शियांच्या अल-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला गेला आणि शिया-सुन्नी रक्तपातात ती तडजोड वाहून गेली. त्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, असं मला खरंच वाटून गेलं. त्या देशातल्या सद्दाम हुसेनला सत्तेवरून हटवावं म्हणून १९९८ सालीच अध्यक्ष क्लिंटनना जे पत्र गेलं होतं, त्याखाली त्यांचीही सही होती, हेही लगेच आठवलं. दोन्ही खरं आहे.

आता दोहा. व्याख्यानात याला तुम्ही सात मिनिटं दिलीत. मी घड्याळ बघत होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने खलीलझाद यांना अफगाण समेटाचे विशेष प्रतिनिधी नेमलं. त्या वेळी काबूलमध्ये अध्यक्ष होते अश्रफ घनी. दोघांच्या कुंडल्या बघा. दोघेही अफगाण पश्तून. दोघेही शाळेत असताना देवाणघेवाणीवर अमेरिकेत गेलेले, घनी ऑरेगनला. दोघेही बैरूतच्या त्याच विद्यापीठात, जवळपास एकाच वेळी. दोघांनाही बायको तिथेच भेटली, एकाला लेबनीज, एकाला ऑस्ट्रियन. दोघांची पीएच.डी. अमेरिकेतली. पुढे घनींनी निवडणुकीसाठी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं, खलीलझाद यांनी ठेवलं. आणि हे दोन जुने ओळखीचे एकमेकांसमोर आले तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये काय झालं? खलीलझाद कराराचा मसुदा घेऊन काबूलच्या राजवाड्यात गेले, घनींना तो दाखवला आणि प्रत ठेवून न घेता परत घेऊन आले.

एका देशाच्या अध्यक्षाला त्याच्या देशाबद्दलचा कागद नुसता दाखवला जातो! आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा पावतीची कार्बन कॉपी मागून घ्यायचा.

घनी भोळे होते, बिचारे होते, असं मला म्हणायचं नाही. ते हट्टी होते, निवडणुकांचे निकाल वादात होते, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला ते देश सोडून निघून गेले. तालिबान दोन आठवडे काबूलमध्ये शिरणार नाही असं ठरत होतं आणि घनींच्या पळण्याने ते बिघडलं, असं खलीलझाद मुलाखतींतून सांगत आले आहेत. असेलही. पण जो करार त्या दिवसापर्यंत घेऊन गेला त्यावर घनींची सही नव्हती, हेही तितकंच खरं.

करार फार लांब नाही, चारच पानं. मी तो वाचलाय, कागद वाचण्याची खोड जात नाही. नाव असं : ‘ज्यास अमेरिका राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि जे तालिबान म्हणून ओळखले जाते त्या अफगाणिस्तानच्या इस्लामी अमिरातीचा’ अमेरिकेशी करार. आणि हे एवढं लांबलचक नाव पान उलटलं की पुन्हा, कलमागणिक पुन्हा. मान्यता द्यायची नाही पण नाव घ्यायचं, ही कसरत शब्दाशब्दाला दिसते. तारखा तीन पंचांगांत : २९ फेब्रुवारी २०२०, ५ रजब १४४१ आणि १० हूत १३९८. दारी, पश्तू आणि इंग्रजी तिन्हींत मसुदा. या बारकाव्यात मला मजारच्या त्या मुलाचा हात दिसला. परदेशी गोऱ्या वकिलाला हे सुचलं असतं का, शंकाच आहे. माझ्या ऑफिसात मीही अफगाणी तारखा तपासून घ्यायची, त्यामुळे मला मनापासून कौतुक वाटलं.

आणि एवढ्या निगुतीने केलेल्या कागदात काबूल सरकारचं स्थान काय? तालिबानचे ५,००० पर्यंत कैदी सोडले जातील असं त्यात लिहिलं. ते कैदी कुणाच्या तुरुंगात होते? काबूलच्या. सही करायला बोलावलं नाही, पण किल्ल्या तुम्हीच काढून द्या. शेवटच्या ४०० कैद्यांसाठी घनींना ऑगस्ट २०२० मध्ये लोया जिरगा बोलवावी लागली. अमेरिकी सैन्य चौदा महिन्यांत निघणार याची तारीख नक्की, अफगाणांनी आपसात काय ठरवायचं ते मात्र ‘पुढे बोलणी होतील’ एवढ्यावर. आणि बायका? एकदाही नाहीत. तिन्ही पंचांगं आहेत, बाई हा शब्द नाही.

माझं खलीलझाद यांच्याशी भांडण या एका गोष्टीवर आहे, आणि खरं तर त्यांच्यापेक्षा तुमच्याशी. ‘त्याच मातीतला माणूस असल्यामुळे तो तिथल्या लोकांचं दुःख जाणत होता’ असं तुमच्या प्रास्ताविकात आलं. जाणत होता, मान्य. आमचा दलालही मोहोर गळाल्याचं दुःख जाणत होता.

खलीलझाद यांची बाजू मीच मांडते, कारण तुम्ही मांडली नाहीत. ते म्हणतील, अमेरिका निघणारच होती. ट्रम्पना निघायचं होतं, १४ एप्रिल २०२१ ला बायडननीही तेच जाहीर केलं. वीस वर्षांचं युद्ध थकलं होतं. काहीच कागद न करता निघण्यापेक्षा कागद करून निघालो, अमेरिकी सैनिकांवरचे हल्ले थांबवले, अफगाणांना समोरासमोर बसायची संधी दिली, ती त्यांनी घालवली. यात दम आहे. आंबा पिकत चालला असेल, पेट्यांतून रस गळायला लागला असेल तर दलाल मिळेल त्या भावाला देणार, त्याला बोल लावता येत नाही. बायडननी त्यांना कायम ठेवलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी स्वतः राजीनामा दिला. मार्च २०२५ मध्ये ते पुन्हा काबूलला दिसले, एका अमेरिकी कैद्याच्या सुटकेसाठी. दरवाजे त्यांच्यासाठी अजून उघडतात. कसबी माणूस.

मी म्हणते ते एवढंच : तो कुणाचा माणूस, हे त्याच्या जन्मगावावरून ठरवू नका. आपल्या भाषेत याला चांगला शब्द होता. ‘वकील’ म्हणजे कोर्टातला काळा कोट हे अलीकडचं. पेशव्यांच्या काळात वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात ठेवलेला आपला दूत. वर्तमानपत्रं अजून ‘अमेरिकी वकिलात’ लिहितात ती त्याचीच आठवण. नाशिकचे हिंगणे दिल्लीच्या दरबारात पेशव्यांचे वकील होते, बापापासून लेकांपर्यंत, अब्दाली उत्तरेत उतरला त्या दिवसांतही. (हिंगणे आणि हिंग हा निव्वळ योगायोग, पण मला कायम गंमत वाटते.) पिढ्यान् पिढ्या दिल्लीत काढूनही त्यांना कुणी दिल्लीवाले म्हटलं नाही. खलिता पुण्याचा, शिक्का पुण्याचा, म्हणून वकील पुण्याचा. फलकावर ‘स्थलांतरिताची गरुडझेप’च्या जागी ‘अमेरिकेचा अफगाण वकील’ लिहिलं असतं तर माझी चिठ्ठी राजकीय ठरली नसती.

खानसाहेबांचं राहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचा फोन अकरा दिवस बंद होता. मी तोवर निवृत्त झाले होते, पण सकाळी उठून आधी तेच बघायची. बाराव्या दिवशी रोमन अक्षरांत मेसेज आला, ‘हम ठीक हैं, माल रुका है.’ टाईप करणारी त्यांची नात, नववीतली. खानसाहेबांना मोबाईलवर अक्षरं दिसत नाहीत, म्हणून दुकानाचा सगळा व्यवहार तीच लिहायची. मुलाला मुंबईच्या हॉस्पिटलात दाखवायला यायचा त्यांचा बेत होता, व्हिसाही आला होता. २५ ऑगस्टला आपल्या सरकारने अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले, नवा इमर्जन्सी ई-व्हिसा काढा म्हणून. तो अर्ज मीच भरून दिला. उत्तर आलं नाही. सप्टेंबरात मुलांच्या शाळा उघडल्या, मोठ्या मुलींच्या नाही. २३ मार्च २०२२ ला उघडतो म्हणाले आणि त्याच सकाळी बंद केल्या. नातीने मला दप्तराचा फोटो पाठवला होता त्या दिवशी, पहाटे. नवीन दप्तर, निळं, वर दोन पेनं खोचलेली. नंतर काही लिहिलं नाही. डिसेंबरात विद्यापीठंही मुलींना बंद झाली.

ती आता हिंगाचे भाव छान लिहिते. कुठला चीक, किती ओला, किती किलो. माझ्या जागी बसवली तर दोन दिवसांत काम उचलेल.

हे सगळं लांबचं, मुलुंडला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमल्याचं जाहीर केलं. इक्रामुद्दीन कामिल, शिक्षण दिल्लीच्या साऊथ एशियन युनिव्हर्सिटीत. म्हणजे आपल्याच देशात शिकलेला वकील, आपल्याच शहरात. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आले, पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता, आरडाओरडा झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घेऊन त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. आपल्या सरकारने काबूलमधली कचेरी पुन्हा पूर्ण वकिलात केली. तालिबानशी भारताने थेट बोलावं हा खलीलझाद यांचा सल्ला २०२० मध्ये आपल्याला रुचला नव्हता. आज आपण बोलतोय. बोलायलाच हवं, असं मलाही वाटतं, हिंग कुठून येतो हे मला माहीत आहे. पण त्या खोलीत कोण बसलंय आणि कोण चार फुटांवर उभं आहे, हे विचारायला ज्या हॉलमध्ये परवानगी नाही तिथे वह्या घेऊन आलेली ती मुलं काय शिकून जाणार? त्यांतला एखादा उद्या खरंच परराष्ट्र सेवेत जाईल.

पुढच्या वर्षीच्या विषयांसाठी सूचना मागवता, म्हणून दोन नावं देते. एक रवींद्र म्हात्रे. बर्मिंगहॅमच्या आपल्या कचेरीतले अधिकारी, फेब्रुवारी १९८४ मध्ये काश्मिरी अतिरेक्यांनी पळवून मारलेले. पुण्याचा म्हात्रे पूल त्यांच्या नावाचा, हे त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. दुसरे व्ही. वेंकटेश्वर राव, ७ जुलै २००८ ला काबूलच्या आपल्या वकिलातीच्या फाटकावर झालेल्या स्फोटात गेलेले परराष्ट्र सेवेतले अधिकारी. त्यांच्याबरोबर ब्रिगेडियर मेहता होते, आणि व्हिसाच्या रांगेत उभे असलेले कितीतरी अफगाण. युद्धाच्या जागी काम करणाऱ्या दूतांबद्दल ऐकायचंच असेल तर घरापासून सुरुवात करू. आणि एक संध्याकाळ मुंबईत शिकणाऱ्या अफगाण मुलामुलींना बोलवा. हिंदी सगळ्यांना येतं. अध्यक्षस्थानी कुणी नको, प्रास्ताविक नको.

थर्मासखालची चिठ्ठी चहाने पिवळी झाली आहे, तरी अक्षर लागतं. ती या पत्राला टाचून कार्यालयात देते आहे. पुढच्या शनिवारी मी नेहमीच्या खुर्चीवर असेन.

आपली,
आजीव सभासद, मुलुंड (पूर्व)